हिंगोलीत उणे चाळीस अंश!

मराठवाड्याच्या उन्हाळ्याशी ज्यांची ओळख आहे ते वरचा मथळा वाचून हसतील. मे महिन्याच्या दुपारी जेथे रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही आणि पारा चाळिशी ओलांडून बसलेला असतो, त्या हिंगोलीत उणे चाळीस अंश? एवढी थंडी सैबेरियात पडते म्हणतात. पण हा आकडा कोणा थट्टेखोराच्या डोक्यातून निघालेला नाही. तो एका मोटारीने सांगितला. भर मे महिन्यात आणि अगदी गंभीरपणे. आणि मौज अशी की त्या मोटारीतील एकही भाग लबाड नव्हता. ती हकीकत पुढे येईलच. तत्पूर्वी मोटारीला थंडी-ऊन कळू लागले तरी केव्हापासून, ते पाहू.

नाक, कान आणि तळपाय

कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडलेली प्रीमियर पद्मिनी पुष्कळ वाचकांना आठवत असेल. मुंबईच्या टॅक्सींतून ती अगदी २०२३ च्या ऑक्टोबरात निवृत्त झाली. त्या काळच्या गाड्यांना स्वतःची अशी ज्ञानेंद्रिये जवळजवळ नव्हतीच. ती चालकाकडे असत. थंडीच्या सकाळी चोक किती ओढायचा हे हाताला कळे. पेट्रोल जास्त जात आहे हे नाकाला कळे. इंजिनाची ठोकर कानाला आणि धाप तळपायाला कळे. हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण कार्ब्युरेटर नावाचे एक साधे भांडे करी. ते बिघडले की मिस्त्री एक स्क्रू पाव फेरा इकडे, पाव फेरा तिकडे फिरवी, कान देऊन ऐके, आणि मान डोलावी. एखाद्या गवयाने तंबोरा लावावा, तसाच तो प्रकार.

हा तंबोरा हातून सुटला तो धुरामुळे. कॅलिफोर्नियातील लॉस एंजेलिस शहरावर जे धुरकट सावट पसरे, ते मोटारींच्या धुरावर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन तयार होते, असे हागेन-स्मिट या रसायनशास्त्रज्ञाने १९५० नंतरच्या काही वर्षांत दाखवून दिले. त्यानंतर तेथे कायदे कडक होत गेले. अंदाजाने पेट्रोल ओतणे परवडेनासे झाले. १९६७ साली बॉश कंपनीची विजेवर चालणारी इंधनयोजना फोक्सवागनच्या गाडीत आली. १९७६ साली व्होल्वोच्या गाडीत धुरातील प्राणवायू जोखणारा सेन्सर बसला. आपल्याकडे १९९५ साली चार महानगरांतील नव्या मोटारींना धूर शुद्ध करणारे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लागले. शिसे हे कन्व्हर्टरचे विष. म्हणून शिसेयुक्त पेट्रोल २००० साली देशातून गेले. पुढे १ एप्रिल २०१७ पासून भारत स्टेज चार आणि १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा हे नियम देशभर लागू झाले. मोटारीतून कार्ब्युरेटर केव्हाच हद्दपार झाला होता. या नियमांनी सेन्सरची संख्या आणि अधिकार दोन्ही वाढवले.

सेन्सरला मराठीत आपण 'संवेदक' म्हणतो. शब्द थोडा जड आहे, पण मोठा अर्थपूर्ण. 'विद्' म्हणजे जाणणे. वेद, वेदना, संवेदना ही सारी त्याच धातूची लेकरे. जाणणे आणि दुखणे या दोन गोष्टी आपल्या भाषेने एकाच घरात नांदवल्या आहेत. मोटारीच्या बाबतीत तर हे तंतोतंत खरे. तिला जाणीव आली आणि पाठोपाठ तिची दुखणीही वाढली!

कोण काय पाहतो?

ही मंडळी साधारणपणे अशी आहेत. क्रँकशाफ्टजवळ बसलेला सेन्सर इंजिन किती वेगाने फिरते आणि कोठे आहे ते सांगतो. तो गप्प बसला की बहुधा गाडी सुरूच होत नाही. हवेच्या वाटेवरचा सेन्सर आत येणारी हवा मोजतो, किंवा नळीतील दाब मोजतो. थ्रॉटलवरचा सेन्सर आपला पाय काय म्हणतो ते कळवतो. धुराच्या नळीतील सेन्सर जळून उरलेला प्राणवायू पाहतो. इंजिनाभोवती फिरणाऱ्या पाण्यात एक सेन्सर बुडालेला असतो. तो उष्णता सांगतो. हे सगळे अहवाल एका छोट्या संगणकाकडे जातात, आणि तो क्षणोक्षणी ठरवतो की आता पेट्रोल किती फवारायचे व ठिणगी केव्हा पाडायची. एक किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. हा हिशेब सांभाळणे हे त्याचे मुख्य काम.

यांतील पाण्याच्या सेन्सरची करामत समजून घेण्यासारखी आहे, कारण आपली कथा त्याच्यावरच आहे. त्यात एक असा पदार्थ असतो की जो तापला म्हणजे विजेला होणारा त्याचा विरोध कमी होतो. २० अंशांवर हा विरोध साधारण अडीच हजार ओहम असेल, तर ८० अंशांवर तो तीनशेच्या आसपास उतरतो. संगणक ५ व्होल्टची वीज पाठवतो आणि तिच्यातील किती शिल्लक उरली यावरून उष्णता ओळखतो. शिल्लक जास्त तर थंडी. शिल्लक कमी तर ऊन. आता समजा, वायर तुटली. मग वीज कोठे खर्चच होणार नाही. पाचच्या पाच व्होल्ट शिल्लक! संगणक बिचारा आपल्या कोष्टकात पाहतो, आणि कोष्टकातील थंडीची शेवटची ओळ वाचून दाखवतो: उणे चाळीस अंश.

पिवळा दिवा

काही बिनसले की चालकापुढे इंजिनाच्या आकाराचा एक पिवळा दिवा लागतो. मध्यमवर्गीय कुटुंबात हा दिवा लागला म्हणजे काय होते, हे सांगायला नकोच. दिवाळीला गावी निघालेली मंडळी, मागे फराळाचे डबे, मांडीवर पोर, आणि समोर हा दिवा! कोणी म्हणते गाडी परत फिरवा. कोणी म्हणते काही होत नाही, चला. दोघेही अंदाजानेच बोलत असतात.

दिव्याची भाषा मात्र अगदी साधी आहे. तो स्थिर पिवळा असेल आणि गाडी नीट चालत असेल, तर घाबरण्याचे कारण नाही. बेताने चालवत पुढील एक-दोन दिवसांत तपासणी करावी. तो उघडझाप करू लागला तर मात्र वेग उतरवून गाडी सुरक्षित जागी थांबवावी; कारण न जळलेले पेट्रोल धुराच्या नळीत जात असते आणि महागडा कन्व्हर्टर त्याने भाजून निघतो. तेलाचा किंवा उष्णतेचा लाल दिवा असेल तर इंजिन तत्काळ बंद करावे आणि ते गरम असताना रेडिएटरचे झाकण कोणत्याही परिस्थितीत उघडू नये.

दिवा लावताना संगणक आपल्या वहीत एक क्रमांक टिपून ठेवतो. स्टिअरिंगच्या खाली सोळा पिनांचे एक खाचेदार तोंड असते. त्याला स्कॅनर जोडला की तो क्रमांक वाचता येतो. मोबाइलशी जोडता येणारे लहान यंत्र तर आता हजार रुपयांच्या आतही मिळते. पण खरी गफलत येथूनच सुरू होते. क्रमांक मिळाला की पुष्कळांना वाटते, रोग सापडला. पी ०११८ म्हणजे पाण्याच्या सेन्सरच्या वायरीवर अपेक्षेपेक्षा जास्त व्होल्ट. हा क्रमांक एवढेच सांगतो. सेन्सर मेला आहे असे तो कोठेही म्हणत नाही. पी ०१७१ म्हणजे मिश्रणात हवा जास्त. ही तक्रार प्राणवायूच्या सेन्सरने केलेली असते. पण दोष एखाद्या फाटलेल्या रबरी नळीचा असू शकतो, आणि मग ज्याने चोरी पाहून आरडाओरडा केला त्यालाच आपण कामावरून काढून टाकतो. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच.

पत्र्याच्या शेडमधील न्यायनिवाडा

आता ती उणे चाळीसची हकीकत. माझ्या एका सहकारी प्राध्यापकांची गाडी सात-आठ वर्षांची. सासऱ्यांच्या हृदयाची तपासणी ठरावीक दिवसांनी नांदेडला करून आणावी लागे. जाऊन-येऊन पावणेदोनशे किलोमीटरचा प्रवास, त्यातून उन्हाळा. गाडी भरवशाची असणे ही त्या घरात चैनीची बाब नव्हती. ती अचानक पेट्रोल जास्त खाऊ लागली, सुरू करताच रेडिएटरचा पंखा गरगरू लागला, आणि दिवा लागला. एका मोठ्या शहरातील कार्यशाळेत गाडी दाखवली. तेथे स्कॅनर लागला, पी ०११८ निघाला, नवा सेन्सर बसला, दिवा विझला, बिल झाले. माझे सहकारी हिशेबी गृहस्थ. त्यांनी जुना सेन्सर मागून घेतला व रुमालात बांधून आणला. आठव्या दिवशी नांदेडहून परतताना, आखाडा बाळापूर मागे टाकले आणि दिवा पुन्हा लागला! मागच्या आसनावर सासरे झोपलेले. "त्यांना जाग येऊ नये म्हणून मी कोणाशी बोललोसुद्धा नाही," असे ते मला नंतर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघे हिंगोलीतच एका मिस्त्रीकडे गेलो. पत्र्याची शेड, लिंबाची सावली, भिंतीवर पान्यांची ओळ. या गृहस्थांनी पंधराव्या वर्षी जीपखाली सरपटायला सुरुवात केलेली. स्कॅनर अलीकडे घेतलेला. गाडी रात्रभर उभी होती, इंजिन गार होते. त्यांनी चावी अर्धी फिरवली आणि पडद्यावरचे आकडे आम्हाला दाखवले. आत येणाऱ्या हवेचा सेन्सर म्हणत होता ३१ अंश. पाण्याचा सेन्सर म्हणत होता उणे ४०.

"सर, एकाच छपराखाली दोघं उभे आहेत. एकाला घाम सुटलाय अन् दुसरा बर्फात. एकजण चुकलाच म्हणायचा," मिस्त्री म्हणाले.

मग त्यांनी सेन्सरचा प्लग काढला आणि प्लगमधील दोन टोके एका तारेच्या तुकड्याने क्षणभर जोडली. वायर आणि संगणक ठीक असतील तर या वेळी आकडा उडी मारून उष्णतेच्या पार टोकाला जायला हवा. तो हलला नाही. उणे ४० ते उणे ४०! म्हणजे सेन्सर बाजूला काढून ठेवला तरी खोटा आकडा कायम होता. दोष सेन्सरच्या अलीकडे, वायरीत होता. त्यांनी मीटर मागवला. नव्या सेन्सरचा विरोध मोजला; पावणेदोन हजार ओहम. मग माझ्या सहकाऱ्यांनी रुमालाची गाठ सोडली आणि जुना सेन्सर पुढे केला. त्याचा आकडाही जवळजवळ तोच निघाला.

"ह्या बिचाऱ्याचं काय चुकलं होतं, सर? हा खरंच बोलायलाय. पण त्याचा आवाज कंप्युटरपर्यंत पोचंना."

वायरीचा माग काढत ते बॅटरीच्या तळापर्यंत गेले. तेथे आवरण कुरतडलेले, आतील तांबे हिरवे पडलेले आणि दोन-चार तंतूंवर सारा संसार लोंबकळलेला. उंदीरमामांची कृपा! पहिल्या दुरुस्तीच्या वेळी हाताच्या हिसक्याने तंतू पुन्हा टेकले असावेत, म्हणून आठ दिवस गाडी नीट चालली. मिस्त्रींनी खराब तुकडा कापला, त्याच जाडीचा नवा तुकडा झाळून जोडला, वर तापवून आवळणारी नळी चढवली आणि वायर उंदराच्या वाटेपासून दूर बांधली. पडद्यावर ३२ अंश उमटले. इंजिन सुरू केल्यावर आकडा हळूहळू नव्वदीकडे सरकला, पंखा वेळेवर लागला व वेळेवर थांबला. मजुरी एवढी झाली की नव्या सेन्सरच्या किमतीच्या पासंगालाही ती पुरली नसती.

साक्षीला साक्ष

त्या तासाभरात जे घडले त्याला न्यायालयात उलटतपासणी म्हणतात. एकाच साक्षीदाराच्या शब्दावर निकाल द्यायचा नाही. दुसरा साक्षीदार उभा करायचा. मोटारीत असे साक्षीदार पुष्कळ असतात. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत पाण्याचा सेन्सर आणि हवेचा सेन्सर यांचे आकडे जवळजवळ सारखे हवेत. इंजिन बंद आणि चावी चालू असताना दाबाच्या सेन्सरने बाहेरच्या हवेचाच दाब दाखवायला हवा. मुंबईत समुद्रकाठी तो १०१ किलोपास्कलच्या आसपास असेल. हिंगोली समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंच असल्यामुळे येथे तो ९६ च्या जवळ यावा. येथे सेन्सर शंभराच्या वर गेला तर त्याच्याकडे संशयाने पाहावे. जुन्या पद्धतीचा प्राणवायूचा सेन्सर गरम इंजिनात ०.१ आणि ०.९ व्होल्ट यांच्यामध्ये सारखा खालीवर होत राहतो. तो एकाच जागी खिळला, तर आधी नळ्या आणि वायर पाहाव्यात, मग त्याला दोष द्यावा.

हा नियम केवळ गॅरेजचा नव्हे. आमच्याच जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ जगातील अत्यंत नाजूक सेन्सरांपैकी एक उभा राहायचा आहे. लायगो-इंडिया त्याचे नाव. केंद्र सरकारने २०२३ च्या एप्रिलमध्ये त्याच्या २६०० कोटी रुपयांच्या खर्चाला मंजुरी दिली. प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा, त्यांत धावणारा लेसरचा किरण, आणि अवकाशातून येणाऱ्या गुरुत्वीय लहरीमुळे त्या भुजांच्या लांबीत पडणारा फरक. तो फरक प्रोटॉनच्या व्यासाहूनही कितीतरी लहान! एवढ्या हळव्या यंत्राला रस्त्यावरचा ट्रकही लहरीसारखा भासणार. मग खरे कसे ओळखायचे? अमेरिकेत अशी दोन यंत्रे सुमारे तीन हजार किलोमीटर अंतरावर आहेत. १४ सप्टेंबर २०१५ रोजी दोन्हींनी एकच आकृती, सुमारे सात सहस्रांश सेकंदांच्या अंतराने नोंदवली, तेव्हा कोठे शास्त्रज्ञांचा विश्वास बसू लागला. शिवाय जमिनीची थरथर, आवाज, चुंबकत्व यांवर नजर ठेवणारे कितीतरी सेन्सर भोवती पहारा देत असतात. पत्र्याच्या शेडमधील मिस्त्री आणि औंढ्याला येणारे शास्त्रज्ञ यांचे भांडवल निराळे, भाषा निराळी. पण धर्म एकच. सेन्सर बोलला की त्याला विचारायचे, "तुला दुजोरा कोणाचा?"

गिऱ्हाइकाने काय करावे?

सर्वांनीच मीटर घेऊन बॉनेटखाली शिरावे असे माझे म्हणणे नाही. दोन टोके जोडण्याची ती युक्ती दोन वायरींच्या पाण्याच्या सेन्सरपुरतीच आहे, आणि तीही जाणकाराच्या हातची. दुसऱ्या प्लगमध्ये तार घातली तर संगणकच जायचा. एअरबॅगच्या वायरींना तर हातही लावू नये. पण चार गोष्टी कोणत्याही गृहिणीला व गृहस्थाला करता येतात.

पहिली, दिवा केव्हा लागला ते लिहून ठेवावे: गाडी गार होती की गरम, चढ होता की सपाट, पाऊस होता की ऊन. वैद्याला हकीकत लागते, तशी मिस्त्रीलाही लागते. दुसरी, क्रमांक वाचून टिपून घेतल्यावाचून दिवा विझवू देऊ नये. बॅटरीची तार काढून दिवा घालवणे म्हणजे तापाचा कागद फाडून ताप गेला म्हणणे. त्या क्षणी इंजिनाची स्थिती काय होती याची संगणकाने जपलेली नोंदही त्याबरोबर पुसली जाते. तिसरी, भाग बदलण्याआधी शांतपणे एवढेच विचारावे: "वायर, प्लग आणि नळी तपासली का? हा भागच खराब आहे हे कशावरून ठरले?" प्रामाणिक कारागिराला या प्रश्नाचा राग येत नाही, उलट कोणीतरी विचारले म्हणून त्याला बरे वाटते. चौथी, बदललेला जुना भाग मागून घ्यावा. तो आपलाच असतो, आणि कधी कधी तोच आपल्या बाजूचा शेवटचा साक्षीदार ठरतो.

सोयाबीन निघाले आणि थंडी पडू लागली की शेतातील उंदीर उबेच्या शोधात निघतात, आणि नुकत्याच थांबलेल्या इंजिनाएवढी ऊबदार जागा त्यांना कोठे मिळणार? म्हणून गाडी धान्याच्या पोत्यांजवळ उभी करू नये. बरेच दिवस न वापरलेली गाडी सुरू करण्यापूर्वी बॉनेट उघडून एकदा आत नजर टाकावी. या दिवाळीत पणत्या लावून झाल्या की तेवढेही एक काम उरकून घ्यावे, म्हणजे गावच्या वाटेवर तो पिवळा दिवा लागण्याचे एक कारण तरी कमी होईल.